आगोटीतली ओली पेटी

आमच्याकडे मे महिन्यात जे हलत नाही ते वाळत घालतात. अंगणात चिरून मीठ लावलेले बांगडे, चटईवर गोलमा, म्हणजे ती नखाएवढी सुकी कोळंबी, ओट्यावर कोकमाची सोलं, पत्र्यावर फणसाची साठं, दोरीवर मिरच्या. मांजर जरा जास्त वेळ एका जागी निजलं तर कुणीतरी येऊन त्यालाही दुसऱ्या कुशीवर वळवून जाईल. याला आगोट म्हणतात. पावसात समुद्र बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या; तेवढ्या दिवसांची बेगमी आधीच करून ठेवायची, ती आगोट. त्यात आमचं देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. दोन्हीकडून ओल. इथल्या बाईचं जन्मभराचं भांडण नवऱ्याशी नसतं, सासूशीही नसतं, ते दमटपणाशी असतं.

परवा पुण्याहून आले. रिक्षातून उतरले तोच उन्हात तापलेल्या बांगड्यांचा वास नाकात शिरला आणि माझ्या तोंडात सिगारची चव आली. हसू नका. सुक्या मासळीच्या वासाने तोंडात सिगारची चव येणारी मराठीची शिक्षिका जगात मी एकटीच असेन. पण येते, त्याला मी काय करू? त्याच्यामागे एक आगोट आहे. सात वर्षं झाली तिला.

आमचे पप्पा बोटीवर कुक होते. मालवाहू बोटींवर, जगभर. नऊ महिने बोटीवर, तीन महिने घरी, आणि ते तीन महिने बहुतेक नाताळाच्या आगेमागे यायचे. त्यामुळे मला आणि माझ्या भावाला, जुजेला, पप्पा म्हणजे नाताळातलीच एक गोष्ट वाटायची. नेवऱ्या आल्या, तारा टांगला, पप्पा आले. मग तारा उतरवायचा, नेवऱ्यांचा डबा धुऊन ठेवायचा आणि पप्पांनाही पोचवायला स्टँडवर जायचं. बोटीवर गेल्यापासून त्यांनी आगोट पाहिली नव्हती, आणि पाऊस तर नाहीच. घरातलं सगळं मायने केलं. वाळवणं, घर शाकारणं, आमची दुखणी, आमच्या शाळा.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत माय चार दिवसांच्या दुखण्याने गेली. पप्पांची बोट भर समुद्रात. ते पाचव्या दिवशी पोचले. मायला माती आम्हीच दिली, जुजेने आणि मी. पप्पा आले, दफनभूमीत जाऊन बराच वेळ उभे राहिले, घरी येऊन जेवले आणि झोपले. त्यांची नोकरी संपायला तेव्हा जेमतेम दोन महिने उरले होते. मला त्यांचा राग आला होता. खरं सांगते, फार राग आला होता. तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं, म्हणून मी घरातली भांडी घासत सुटले होते.

एप्रिलमध्ये ते कायमचे घरी आले आणि मे महिन्यात मी इथे आले, ती ठरवूनच. आगोट आटपायची, घराला कुलूप लावायचं आणि पावसाआधी पप्पांना पुण्याला घेऊन जायचं. एकटा माणूस, सत्तरीला टेकलेला, त्यात इथल्या पावसाची सवय नाही. माझा नवरा, मुलगी, सगळे 'घेऊन ये त्यांना' म्हणत होते. जुजे कुवेतहून रोज फोन करून तेच सांगत होता. रेल्वेची तिकिटं मी काढूनच आणली होती, दोन, मी पोचल्यापासून बाविसाव्या दिवसाची.

पहिल्या संध्याकाळी पप्पा बल्कांवात बसले होते. बल्कांव म्हणजे आमच्या दारापुढची छपराखालची जागा, दोन बाजूंना दगडी बाकं. त्यांच्या मांडीवर एक लाकडी पेटी होती. ती पेटी मी लहानपणापासून ओळखत होते. माजघरात पाण्याच्या मडक्याशेजारी, सर्वांत थंड कोपऱ्यात ती असायची आणि आत साबणाच्या डबीत एक ओला स्पंज. "अख्ख्या घरात एक वस्तू मुद्दाम ओली ठेवणारो माणूस म्हणजे तुझो बापूस," असं माय म्हणायची. सिगार सुकली की मेली, हे तिला कधी पटलं नाही. पण ते बोटीवर असतानाही ती दर रविवारी स्पंज भिजवायची आणि त्या पेटीला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

मी म्हटलं, "पप्पा, पुण्याक येतलंस मा?"

त्यांनी पेटी उघडली. आत चौदा सिगार होत्या, मी मोजल्या. त्यातली एक त्यांनी काढली, नाकाखालून नेली आणि म्हणाले, "फाल्या बघू."

फाल्या म्हणजे उद्या. पण आमच्या पप्पांचं फाल्या उगवत नाही हे मला ठाऊक होतं. मी हट्टालाच पेटले. वर्गात मागच्या बाकावरच्यांना विचारते त्या आवाजात विचारलं, "फाल्या न्हय. नक्की कधी सांगतलंस?"

त्यांनी झाकण लावलं, सिगार पेटवली. मग पेटीवर हात ठेवून म्हणाले, "ही पेटी सरली की सांगतंय."

दुसऱ्या दिवशी खळ्यात, म्हणजे अंगणात, बांगडे परतत असताना मी हिशेब केला. उरल्या तेरा. हे ओढणार दिवसाआड एक, म्हणजे झाले सव्वीस दिवस. माझी गाडी बाविसाव्या दिवशी. म्हाताऱ्याने बरोबर गणित घातलं होतं! माझी गाडी सुटून चार दिवस होतील तेव्हा यांची पेटी संपणार. मग मला एकच उपाय सुचला. तिसऱ्या दिवशी ते पेटी घेऊन बसले, तशी मी समोरच्या बाकावर जाऊन बसले आणि हात पुढे केला.

"माका पण दी."

"तुका? तुका कित्याक व्हयी?"

"बघूचा आसा."

मला वाटलं, ओरडतील. बाईमाणूस, त्यात शाळेत शिकवणारी. पण त्यांनी पेटीत हात घातला. एक सिगार निवडून माझ्या हातात दिली आणि बोटीवरच्या बारीक सुरीने तिची टोपी, म्हणजे तोंडाकडचं बंद टोक, कशी कापायची ते दाखवलं. टोकाची चकतीच तेवढी काढायची, जास्त कापलं तर वरचं पान सुटतं. मग काडी. जाळ सिगारला टेकवायचा नाही, खाली धरायचा आणि सिगार गोल गोल फिरवत तिला नुसती धग द्यायची. कडा सगळीकडून सारखी तांबडी झाली की मग तोंडात धरायची. ते हे सगळं इतक्या सावकाश करत होते की माझा जीव वर आला. मला पेटी संपवायची होती. मी ओढली एक दणकून, आणि धूर सरळ छातीत घेतला.

पुढचं सांगण्यासारखं नाही. घेरी आली, आणि मी माडाच्या बुंध्याशी जाऊन दुपारची सगळी पेज आणि बांगडा परत केला. कुंपणापलीकडे तारामावशी उभी होती. आमची शेजारीण, सुकी मासळी विकणारी, मायची चाळीस वर्षांची मैत्रीण. ती विडी ओढते, आणि तीही उलटी, पेटतं टोक तोंडाच्या आत धरून. ती हसत सुटली.

"गो फिलू, इंगळो भायर ठेवलंस तर वारोच ओढता सगळी. तू काय ओढतलंस?"

"तू गप गो," पप्पा तिला म्हणाले, आणि मला कोकमाचं सरबत दिलं, साखर दुप्पट घातलेलं. मी ते प्यायले तेव्हा म्हणाले, "धूर गिळूचो नाय, बाय. पेज उनउनीत आसताना कशी खातस? तोंडात घोळवतस मा? तसो घोळवूचो आणि सोडूचो. आणि घाई करूची नाय. मिनटाक एक झुरको. घाई केलंस की ती तापता, तापली की कडू होता."

आता माझी पंचाईत बघा. मी सिगार शिकायला बसले ती घाईसाठी, आणि सिगारची पहिलीच अट अशी की घाई करायची नाही.

पण शिकले. चिडून का होईना, शिकले. दुसऱ्या वेळी अर्धी ओढली. एक झुरका घ्यायचा, धूर जिभेवर फिरवायचा, सोडायचा, आणि मग मिनिटभर काही करायचं नाही. हे काही न करणं मला फार जड गेलं. शाळेत एका मिनिटात मी सहा मुलांना खाली बसवते. इथे बसून बघायचं तरी काय? खाडीत लोक होड्या वर घेत होते, लाकडी ओंडक्यांवरून सरकवत, 'होऽ' करून सगळे एकदम जोर लावत. पर्यटकांच्या रंगीत होड्याही आता ताडपत्रीखाली गेल्या होत्या. एक कुत्रं त्या सगळ्यांच्या मधून चाललं होतं. सिगारची राख वाढत होती. मी ती झटकायला गेले तर पप्पा म्हणाले, "ऱ्हवांदे. पडाची तेव्हा पडतली." राख राहिली की आच शांत राहते म्हणे. मी तिच्याकडे बघत बसले, आणि ती पडली ती माझ्या स्वच्छ साडीवरच.

तिसऱ्या वेळी मला चव लागली. अगदी अचानक. तोपर्यंत मला नुसता धूर लागत होता, जळक्या लाकडाचा. त्या संध्याकाळी धूर सोडला आणि मागे जिभेवर काहीतरी राहिलं. पप्पा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. कुक माणूस, समोरच्याला चव लागली की नाही हे त्यांना तोंडावरून कळायचं.

"काय लागला?" त्यांनी विचारलं.

"भाजलेलो काजू. सालीसकट."

"बरोबर. आणि?"

"आणि... नवी वही उघडल्यावर येता तो वास."

ते मोठ्याने नाही हसले, पण खूश झाले. म्हणाले, वही त्यांना कधी सापडली नव्हती, इतकी वर्षं त्यांना तिथे जायफळ लागायचं. मग आमचा खेळच झाला. पहिल्या भागात काय, मध्ये काय, शेवटाला काय. ते म्हणायचे कॉफीची पूड, मी म्हणायची करपलेल्या दुधाचा टोप. ते म्हणायचे चामड्याचा पट्टा, मी म्हणायची चर्चमधली बाकं. माझं आणि माझ्या बापाचं इतकं बोलणं त्याआधी आयुष्यात झालं नव्हतं. माझं वय तेव्हा पंचेचाळीस होतं.

त्याच संध्याकाळी मी विचारलं, "तू ही शिकलंस कित्याक?"

"बसाक," ते म्हणाले.

मला कळलं नाही. मग ते सावकाश, मिनिटाला एक वाक्य, असं बोलले. बोटीवर माणूस डेकवर नुसता बसला तर लगेच चौघं विचारतात, काय रे, बरं नाही? घरचं काही कळलं? आणि हातात सिगार असली तर कुणी काही विचारत नाही. सिगार ओढणारा माणूस सुखात आहे असंच लोक धरून चालतात. "एकट्यान बसाक काय तरी कारण व्हया होता, बाय. ह्या मिळाला."

मी पेटीत पाहिलं. सात उरल्या होत्या. माझं गणित बरोबर चाललं होतं, सात-आठ दिवसांत पेटी संपणार होती. आणि मला एकदम कळलं. ती संपायला नको होती. पेटी संपली की पप्पा उत्तर देणार, पुण्याला येतो म्हणणार किंवा नाही म्हणणार. काहीही म्हणाले तरी हे बल्कांवातलं बसणं संपणार होतं. पुण्याच्या आमच्या दोन खोल्यांत हा माणूस कुठे बसणार, आणि समोर काय बघणार?

पुढच्या वेळी मी म्हटलं, "आज एकच पेटव. दोघांत."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि एकच पेटवली. त्याच्या पुढच्या वेळीही एकच. एक झुरका त्यांचा, एक माझा. पाच उरल्या.

मग तो रविवार आला. आम्ही दोघं चर्चमध्ये मिस्साला गेलो होतो. तारामावशी आमच्या खळ्यातले बांगडे परतायला आली, मायच्या वेळेपासून ती यायचीच. परतून झाल्यावर सूप घ्यायला माजघरात गेली, आणि मडक्याशेजारी तिला ती पेटी दिसली. माय असती तर तिने हात लावू दिला नसता. माय नव्हती. तारामावशीने झाकण उघडलं, बोटाने स्पंज दाबून पाहिला, सिगार दाबून पाहिल्या. ओल्या! मेच्या अखेरीला, आगोटीत, घरात ओली वस्तू! बायको गेलेल्या माणसाच्या घरात कोण लक्ष देणार, असं म्हणत तिने पाचही सिगार उचलल्या आणि चटईवर मांडल्या, बांगड्यांच्या रांगेत. वर पुन्हा तासाभराने येऊन त्यांची कूसही बदलली.

आम्ही आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. ती ओट्यावर बसून उलटी विडी ओढत होती. मोठ्या कौतुकाने म्हणाली, "पास्कू, तुझी चिरटां बुरसाक लागली होती. सुकत घातलंय बघ. आता वरसभर बघूक नको."

पप्पा चटईपाशी गेले. एक उचलली, ती हातातच फुटली. दुसरी, तिसरी, पानं वाळक्या सालीसारखी सुटून वाऱ्यावर गेली. आता हे ओरडतील, आणि ही म्हातारी जन्मभर बोलणार नाही. पप्पांनी चौथी उचलली, नाकाखालून नेली. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते. माय गेल्यापासून पहिल्यांदा हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"तारा, मेल्ये, मीठ तेवढा लावूक इसारलंस!"

काय झालंय ते मी तिला समजावून सांगितलं तेव्हा ती बिचारी कपाळाला हात लावून बसली. "माका काय ठावक? आमच्या हातात ओली वस्तू दिलास तर आमी काय करतलो?" खरंच होतं. आमच्या इथल्या बाईने आणखी काय केलं असतं?

तीन गेल्या. दोन धड होत्या, पण खडखडीत कोरड्या. पप्पांनी त्या पेटीत ठेवल्या, स्पंज अगदी हलका ओला केला. एकदम पाणी दाखवलं तर फुगून फुटतात म्हणे. "सुकाक अर्धो दीस लागलो," ते म्हणाले. "ओल येवक धा दीस लागतले."

दहा दिवस ओढायला काही नव्हतं. पहिल्या संध्याकाळी, सवयीने, पप्पा बल्कांवात येऊन बसले. मीही गेले. दोघांचे हात रिकामे. दोघांनाही जरा लाज वाटली. मी आत जाऊन कोकमांची पाटी आणली आणि फोडायला बसले. त्यांनीही सुरी घेतली. एक कोकम फोडायचं, गर वाटीत, साल सुपात. कुणी घाई करत नव्हतं.

बहुधा चौथी संध्याकाळ होती. मी खाली बघूनच म्हटलं, "पाचव्या दिसाक इलंस तू." इतके दिवस हे वाक्य माझ्या घशाशी होतं. "ती चार दीस तुझा नाव घेय होती. आणि तू पाचव्या दिसाक इलंस."

ते फोडत होते ते कोकम त्यांनी खाली ठेवलं. "माका म्हायत आसा," ते म्हणाले. कारण सांगितलं नाही. बोट कुठे होती, बंदर किती लांब होतं, काही नाही. सुपातली सालं त्यांनी बोटाने पसरली. मग म्हणाले, "तिका पावसाचो भय वाटे. तुका म्हायत आसा?"

मला माहीत नव्हतं. आमची माय कशाला भीत असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"मागल्या पडवीर पत्रो आसा. थंय पाऊस पडलो की ती घाबरा. माका फोन करी. बोलाचा काय नाय, फोन नुस्तो वर धरी. म्हणे, आयक, कसो पडता तो. मी थंय बोटीर, खंयच्या खंय, उनात उभो, कानाक फोन लावन पाऊस आयकी. वीस वरसां मी ह्या घरातलो पाऊस फोनार आयकलंय, फिलू. माझ्या स्वतःच्या घराचो. रिटायर झालंय की पयलो पाऊस तुझ्यावांगडा बसान आयकतलंय, असा तिका सांगितलेला. ती म्हणाली, मगे माका भय वाटाचा नाय."

त्यांनी कोकम परत उचललं. माझ्या हातांना तांबडा रस लागला होता म्हणून मला डोळे पुसता येईनात. मी ते कोपराने पुसले. माझा राग त्या दिवशी गेला असं म्हणणार नाही, पण त्यानंतर तो मला भांड्यांवर काढावा लागला नाही. आणि पुण्याचं मी त्यांना पुन्हा विचारलं नाही.

एकविसाव्या संध्याकाळी, म्हणजे माझ्या गाडीच्या आदल्या दिवशी, पप्पांनी पेटी उघडली, दोन्ही सिगार दाबून पाहिल्या आणि मान हलवली. जमलं होतं. एक पेटवली. पहिला झुरका त्यांनी घेतला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी विचारलंच, "काय लागता?"

"तूच बघ."

मी घेतला. भाजलेला काजू होता, नवी वही होती, आणि त्या सगळ्याच्या वर, स्पष्ट, ठसठशीत, सुका बांगडा. आम्ही इतके हसलो की तारामावशी कुंपणापाशी येऊन उभी राहिली. तिलाही एक झुरका दिला. तिने सवयीने उलटी धरायला घेतली, मी ओरडून थांबवलं. तिने ओढली, विचार केला आणि म्हणाली, "बरी आसा. आता खंय जरा चव इली."

ती सिगार आम्ही बोटं भाजेपर्यंत ओढली. मग पेटीत एकच उरली. मी तिच्याकडे पाहिलं. पप्पांनी ती उचलली, हुंगली, परत ठेवली आणि झाकण लावलं.

"पेटी काय सराक नाय," ते म्हणाले. "आता पुढच्या आगोटीक बघूया. येतलंस मा?"

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गाडीत बसले. शेजारची जागा रिकामी, तिच्यावर सोलांची पिशवी.

पुढे दर मेमध्ये आले. बोटीवरचा कुणीतरी जुना सोबती वर्षातून दोनचार सिगार आणून द्यायचा, आम्ही त्या दोघांत ओढायचो, आणि काहीही झालं तरी एक ठेवायचो. पप्पांनी सहा पावसाळे ह्या घरात काढले. आणि दर पावसात एकदा तरी पुण्याला माझा फोन वाजायचा. बोलणं काही नसायचं. पत्र्यावरचा पाऊस यायचा नुसता, आणि मागून त्यांचा आवाज, "आयक." मी वर्गात असले तर बाहेर व्हरांड्यात जायची आणि मिनिटभर कानाला फोन लावून उभी राहायची. मुलं समजायची, बाईंना काहीतरी महत्त्वाचं काम आलंय.

गेल्या पावसात ते गेले. घरातच, दुपारी, बल्कांवातल्या बाकावर. मी दुसऱ्या दिवशी पोचले, मातीला पोचले.

म्हणून यंदाची ही पहिलीच आगोट, पप्पांशिवाय. परवा कुलूप काढलं तेव्हा दहा महिन्यांच्या बंद घराचा वास अंगावर येईल या तयारीने मी नाकाला पदर लावला होता. आत गेले ती सरळ माजघरात. मडकं पालथं होतं. शेजारी पेटी. गेल्या वर्षी ठेवलेली ती एक सिगार आता भुगा झाली असणार हे मला ठाऊक होतं. स्पंज भिजवायला इथे कोण होतं? झाकण उघडलं. स्पंजाला बोट लावलं. तो ओला होता.

सिगार दाबली. मऊ, जिवंत.

मागून आवाज आला, "दर आयतवारी भिजवतंय." तारामावशी दारात उभी होती, आता पार वाकलेली, हातात आमच्या घराची किल्ली. अडीअडचणीला असावी म्हणून ठेवली होती तिच्याकडे. "एकदा चूक झाली ती झाली. परत परत करतलंय काय? तुझी आवय हसतली माका."

मी तिला मिठी मारली. तिच्या अंगाला गोलम्याचा वास येत होता.

काल संध्याकाळी मी बल्कांवात बसले होते आणि जुजेचा कुवेतहून फोन आला. तो वाईट नाही, त्याला काळजी आहे. घर बंद राहिलं तर वाळवी लागेल, पावसात पडवी बसेल, म्हणाला. मालवणातला कुणी होमस्टेवाला आहे, घर घ्यायला तयार आहे, बल्कांव पाडून तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढणार आहे. त्याला पावसाआधी उत्तर हवंय. "फिलू, तुझा काय ता सांग. हो की नाय?"

खळ्यात बांगडे होते, पत्र्यावर साठं, दोरीवर तारामावशीच्या मिरच्या. सगळीकडे सगळं वाळत होतं. माझ्या मांडीवर पेटी उघडी होती, आत एक सिगार. मी स्पंज काढला, कळशीत बुडवला, हलका पिळला आणि परत जागेवर ठेवला.

"आयकतंस मा?" जुजे म्हणाला. "कधी सांगतलंस?"

मी झाकण लावलं.

"पेटी सरली की सांगतंय."